नागपुरात सायकलसाठी रस्त्यात जागा मागायची कशी

सायकल-ग्रुप म्हटले की रविवारी पहाटे रामटेककडे निघणारी मंडळी डोळ्यासमोर येतात. त्यांचा उत्साह खरा आहे आणि या कामात त्यांची साथ हवीच. पण रामटेकचे पन्नास किलोमीटर मौजेने कापणाऱ्याला हवा असलेला रस्ता वेगळा आणि हिंगणा एमआयडीसीत सकाळची पाळी गाठणाऱ्या कामगाराला हवा असलेला वेगळा. महापालिकेकडे जागा मागायची तर मागणी या दुसऱ्या माणसाच्या नावाने उभी राहिली पाहिजे. तो रोज जातो, उन्हात जातो, पावसात जातो, आणि सायकल सोडून दुसरा पर्याय त्याच्या खिशाला परवडत नाही. रॅली काढली की फोटो छापून येतो. फाइल मात्र हलते ती मोजलेल्या आकड्यांवर. पुढची सगळी रीत त्यासाठीच आहे.

आधी माणसे गाठा

सुरुवातीला पाच ते सात जण पुरतात. एकाने मोजणीचे तक्ते सांभाळायचे, एकाने पत्रव्यवहार, एकाने फोटो आणि नकाशा. आणि एक जण असा हवा की ज्याला कामाच्या दिवशी दुपारी सरकारी कचेरीत जाता येते. हा शेवटचा माणूस सगळ्यात महत्त्वाचा. तो नसला तर निवेदने देऊन होतात आणि पाठपुरावा राहतो. संस्था नोंदणीच्या मागे पहिल्या वर्षी लागू नका. निवेदन द्यायला किंवा माहिती अधिकार वापरायला नोंदणी लागत नाही. देणग्या, अनुदान घ्यायची वेळ आली की धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात जा. तिथे संस्था म्हणून नोंदवायला किमान सात सदस्य लागतात, हे लक्षात ठेवून गट जमवा.

सायकल चालवणारे कामगार तुमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर येणार नाहीत, तुम्हालाच त्यांच्याकडे जावे लागेल. यासाठी सगळ्यात कामाचा उपक्रम म्हणजे चकाकणारी रिफ्लेक्टर टेप लावून देणे. पाळी सुटण्याच्या वेळी कारखान्याच्या फाटकाबाहेर किंवा सायकल-स्टँडवर उभे राहायचे. मागच्या मडगार्डवर लाल, पुढच्या फोर्कवर पांढरी. ४५ मीटरचा एक रोल ३० सेंटिमीटरच्या हिशेबाने दीडशे सायकलींना पुरतो, त्यामुळे लाल एक रोल आणि पांढरा एक घ्या. मडगार्डवर धूळ आणि तेल बसलेले असते. आधी कोरड्या फडक्याने पुसा, मग थोड्या थिनरने, आणि पूर्ण वाळल्यावरच टेप दाबा. घाई केली की आठवड्यात कोपरे सुटतात, ओल्या सायकलीवर तर ती चिकटतच नाही.

टेप लावताना तीन प्रश्न विचारा: कुठून येता, कोणत्या रस्त्याने येता, आणि वाटेत सगळ्यात भीती कुठे वाटते. चौथा विचारू नका, माणसाला घरी जायचे असते. तिसऱ्याचे उत्तर चौकाच्या किंवा पानठेल्याच्या नावानिशी लिहून घ्या. शंभर उत्तरे नकाशावर टाकली की चार-पाच ठिकाणीच ठिपक्यांची गर्दी होते. तुमचा रस्ता तिथेच सापडतो.

एकच टप्पा निवडा

"नागपूरभर सायकल ट्रॅक करा" ही मागणी कोणत्याच टेबलावर थांबत नाही, कारण ती कोणत्याच अभियंत्याची नसते. एक ते दोन किलोमीटरचा एक टप्पा धरा. त्याच्या एका टोकाला रोज माणसे जातात असे काही हवे: शाळा, कारखाना, बाजार, मेट्रो स्टेशन. उदाहरणार्थ, अॅक्वा मार्गावरच्या लोकमान्य नगर स्टेशनपासून एमआयडीसीतल्या कारखान्यांपर्यंतचा भाग. नागपूर मेट्रोत सायकल सोबत नेता येते, म्हणून स्टेशनला जोडणारा टप्पा दुहेरी उपयोगाचा ठरतो. सिव्हिल लाइन्ससारख्या रुंद, सावलीच्या, आधीच शांत रस्त्यावर ट्रॅक मिळवणे सोपे असते. तिथे तो दिसतो छान, पण ज्याचा जीव धोक्यात आहे त्याला त्याचा उपयोग होत नाही. सोपा म्हणून तो टप्पा घेऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

मोजणी

"इथे सायकल चालवतंच कोण?" हा प्रश्न प्रत्येक बैठकीत येतो. त्याला उत्तर एकच: तक्ता.

मोजणी मंगळवार ते गुरुवार यांपैकी दोन दिवशी करा. वेळ सकाळी ७ ते १० आणि संध्याकाळी ५ ते ८. कारखान्यांच्या रस्त्यावर सकाळी ६ पासूनच बसा, नाहीतर पहिली पाळी निघून जाते आणि आकडा निम्मा दिसतो. जागा चौकात घेऊ नका. चौकात वळणारी सायकल दोनदा मोजली जाते. दोन चौकांच्या मधला एखादा विजेचा खांब धरा, त्याचा क्रमांक लिहा, खांबापासून रस्त्यापलीकडे एक काल्पनिक रेघ समजा, आणि ती ओलांडणारी प्रत्येक सायकल टिपा. दर बाजूला दोन माणसे हवीत: एक बघणारा, एक लिहिणारा. दीड तासाने अदलाबदल करा, त्यानंतर लक्ष उडते.

तक्त्यात दर १५ मिनिटांची एक ओळ ठेवा, म्हणजे तीन तासांच्या बारा ओळी होतात. रकाने: पुरुष, स्त्री, गणवेशातली मुले, सामान लादलेली सायकल, सायकल-रिक्षा, आणि उलट दिशेने येणारी सायकल. उभ्या रेघा पाचच्या जुड्यांत मारा. मोबाइलवर टिपायला गेले की स्क्रीनकडे बघताना दोन सायकली निसटतात, त्यामुळे कागदच बरा. लागोपाठच्या चार ओळींची सगळ्यात मोठी बेरीज हा गर्दीच्या तासाचा आकडा. निवेदनात तोच वर लिहा. मोटारी आणि दुचाकी पूर्ण मोजायची गरज नाही. दर तासाला पाच मिनिटे मोजा आणि बाराने गुणा. सोबत शंभर मोटारींत किती माणसे बसली आहेत तेही टिपा, कारण २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाचा भर वाहनांपेक्षा माणसे हलवण्यावर आहे. तुम्हीही आकडा माणसांतच मांडा.

उलट दिशेच्या रकान्याकडे नीट पाहा. तो फुगलेला असला तर लोक बेशिस्त आहेत असा अर्थ काढला जातो. तो काढू देऊ नका. दुभाजकातली पुढची फट किती दूर आहे ते मोजा. पलीकडचे फाटक समोर दिसत असताना सहाशे मीटर पुढे जाऊन, वळून, सहाशे मीटर परत यायचे असेल तर दिवसभर राबलेला माणूस उलटाच येणार. हा रकाना म्हणजे रस्ता ओलांडायला जागा नसल्याचा पुरावा आहे आणि निवेदनात तो तसाच वापरायचा.

महिना चुकला तर सगळे वाया जाते. विदर्भातल्या शाळा उन्हाळ्यामुळे जूनच्या शेवटी उघडतात, म्हणून मोजणी जुलै ते फेब्रुवारीतच घ्या. पोळा आणि त्याच्या दुसऱ्या दिवशीची मारबतीची मिरवणूक, दीक्षाभूमीवर गर्दी लोटते ते दिवस, आणि डिसेंबरात विधिमंडळाच्या हिवाळी अधिवेशनाचा काळ टाळा. अधिवेशनात मोर्च्यांमुळे वाहतूक वळवलेली असते आणि तुमचा आकडा कशाशीच ताडता येत नाही.

रस्त्याचे माप

लागते ते एवढेच: तीस मीटरची एक आणि पाच मीटरची एक टेप, खडू, एक मीटर लांबीची सरळ लाकडी पट्टी, आणि फोन. रविवारी पहाटे साडेपाचला जा. दर पन्नास मीटरला रस्त्याची पूर्ण रुंदी, दुभाजक, फूटपाथ, आणि उभ्या गाड्यांनी खाल्लेली रुंदी लिहा. ही शेवटची नोंद मात्र गर्दीच्या वेळी पुन्हा घ्यावी लागते.

नागपुरात वेगळे लक्ष द्यावे लागते ते सिमेंट रस्त्यांच्या कडांकडे. सिमेंटचा थर वर येतो आणि बाजूची माती किंवा गट्टू (फरसबंदीचे ठोकळे) खाली राहतात. सायकलच्या चाकाला ही लांबट पायरी सगळ्यात वाईट, कारण आडव्या खड्ड्यावरून चाक उडून जाते, पण लांबीने धावणाऱ्या दोन सेंटिमीटरच्या कडेलाही ते तिरपे चढायला गेले की घसरते आणि माणूस आडवा पडतो तो वाहनांच्या बाजूला. म्हणून सायकलवाला कड सोडून आत चालतो आणि मागून हॉर्न बसतात. लाकडी पट्टी सिमेंटवर आडवी धरून बाहेर काढा, तिच्यापासून खाली किती अंतर आहे ते टेपने मोजा, आणि टेपचा आकडा दिसेल असा फोटो घ्या. उपाय स्वस्त आहे: पाच सेंटिमीटरच्या पायरीला निदान अर्ध्या मीटरचा उतार भरून द्यायचा, म्हणजे एकास दहा. हे "किरकोळ दुरुस्ती" म्हणून महापालिकेच्या झोनच्या, म्हणजे विभागीय कार्यालयाच्या, पातळीवर होऊ शकते. ते पहिल्यांदा मागा. पहिले छोटे काम झाले की गटातली माणसे टिकतात.

दुसरी गोष्ट गटाराच्या जाळ्या. सळ्या प्रवासाच्या दिशेने असतील आणि मधली फट अडीच सेंटिमीटरपेक्षा जास्त असेल तर बारीक टायर त्यात उतरतो. साध्या काळ्या सायकलचा टायर साडेतीन-चार सेंटिमीटरचा असतो, काही नव्या सायकलींचा याहून बारीक. जाळी फिरवून सळ्या आडव्या बसवणे हे अर्ध्या तासाचे काम आहे. तिथे निधी नाही हे कारण चालू देऊ नका.

रस्ता कोणाचा?

इथे बहुतेक गट अडकतात. नागपुरात शेजारशेजारचे रस्ते महापालिका, नागपूर सुधार प्रन्यास, सार्वजनिक बांधकाम विभाग किंवा राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरण यांपैकी कोणाचेही असू शकतात. उड्डाणपुलाखालचा भाग आणखी वेगळ्या यंत्रणेकडे. चुकीच्या दारात सहा महिने जातात. म्हणून निवेदनाच्या आधी माहिती अधिकाराचा अर्ज टाका.

महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि साधारण १५० शब्दांच्या आत असावा लागतो, शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. "ट्रॅक का नाही?" असे विचारू नका. "का" हे कागदावर नसते आणि उत्तर टाळता येते. कागद मागा: या टप्प्याच्या शेवटच्या कामाचा कार्यादेश (वर्क ऑर्डर), मंजूर आडवा छेद (रस्त्याच्या रुंदीची आकृती), प्राकलन (खर्चाचा अंदाज), आणि दोष दायित्व कालावधी संपण्याची तारीख. ही तारीख सोन्यासारखी. ती उलटलेली नसेल तर खचलेली कड आणि सुटलेले गट्टू ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायचे असतात. अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला तर त्यांनी तो कलम ६(३) खाली पाच दिवसांत योग्य ठिकाणी पाठवायचा असतो, आणि त्या पत्राची प्रत तुम्हाला मिळाली की रस्ता कोणाचा हे लेखी हाती येते. उत्तर नाही आले तर मुदत संपल्यापासून ३० दिवसांत पहिले अपील करा. ती तारीख अर्ज टाकतानाच कॅलेंडरवर लिहा.

निवेदन

एक पान. वर टप्प्याचे नाव चौकांसह, खाली गर्दीच्या तासाचा आकडा, मग तीन मागण्या: एक पंधरा दिवसांत होणारी (जाळ्या, कडा), एक चाचणीची, एक अंदाजपत्रकात घ्यायची. मागे तक्ता आणि सहा फोटो. शंभर सह्या जोडायच्या तर त्या रस्त्यावरून जाणाऱ्यांच्या घ्या. कामगाराची एक सही, कारखान्याच्या नावासह, दूरच्या लेआउटमधल्या वीस सह्यांपेक्षा वजनदार असते.

रस्ता महापालिकेचा असेल तर मूळ प्रत झोनच्या सहायक आयुक्तांना द्या. महापालिकेचे दहा झोन आहेत. तुमचा टप्पा दोन झोनांच्या हद्दीवर असेल तर दोन्हीकडे. प्रती कार्यकारी अभियंता, प्रभागाचे नगरसेवक, आणि पोलीस उपायुक्त, वाहतूक यांना. आवक शाखेतून शिक्का आणि आवक क्रमांकाची पोच घेतल्याशिवाय उठू नका. साहेबांच्या हातात दिले, फोटो काढला आणि पोच घेतली नाही, तर ते पत्र अस्तित्वात नाही असे समजा. त्यानंतर पंधराव्या दिवशी, तिसाव्या दिवशी आणि मग दर महिन्याला त्याच आवक क्रमांकाचा संदर्भ देऊन एका परिच्छेदाचे स्मरणपत्र.

महापालिकेचे आर्थिक वर्ष एप्रिलला सुरू होते आणि अंदाजपत्रकाची जुळवाजुळव त्याआधीच कितीतरी महिने होते. मोठी मागणी नोव्हेंबरच्या आत पोचलेली हवी. मार्चमध्ये दिलेले निवेदन वर्षभर पडून राहते. अधिवेशनाच्या दिवसांत मोजणी टाळायची असली तरी पत्रासाठी तो काळ चांगला, मंत्री आणि सचिव गावातच असतात. त्यांच्यासाठी एक खास मुद्दा: मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १३८ (१-अ) आले. पादचारी आणि विनाइंजिन वाहनांबाबत नियम करायचा अधिकार त्याने राज्याला दिला आहे. हे राज्याचे काम, झोनचे नव्हे, म्हणून ते वेगळ्या पत्रात लिहा. महापालिकेला मात्र आठवण करून द्या की केंद्राच्या २०२० च्या 'इंडिया सायकल्स फॉर चेंज' स्पर्धेत नागपूर उतरले होते. शहराने स्वतः हात वर करून घेतलेले काम पुढे न्या, एवढेच आपण म्हणत असतो.

चाचणी

कागदावरचा ट्रॅक बघून कोणी हो म्हणत नाही. चारशे मीटरवर एक आठवडा शंकू लावून दाखवा. दर पाच मीटरला एक धरला तर ८१ शंकू लागतात, वर वीस जादा ठेवा, कारण काही चेपतात आणि काही गायब होतात. शंकूंच्या आतली रेघ फक्कीने मारा. एका बाजूला नऊ मीटर रस्ता असेल तर हिशेब असा: ट्रॅक २ मीटर, मधली मोकळी पट्टी अर्धा मीटर, आणि मोटारींच्या दोन लेन सव्वातीन-सव्वातीन मीटरच्या. एकही लेन कमी होत नाही, हे आधीच आकृतीत काढून दाखवा. निम्मा विरोध तिथे मावळतो.

वाहतूक शाखा, पोलीस ठाणे आणि झोन यांची लेखी परवानगी लागते. अर्ज निदान तीन आठवडे आधी. प्रत्येक आडव्या गल्लीच्या तोंडाशी एक आणि दर शंभर मीटरला एक स्वयंसेवक, चकाकणाऱ्या जॅकेटसह, दोन पाळ्यांत. फक्त रविवारी घेतलेली चाचणी काही सिद्ध करत नाही. सोमवार ते शनिवार करा, आणि पहिले दोन दिवस गोंधळ होईल हे परवानगीच्या अर्जातच लिहा. ३ जूनच्या जागतिक सायकल दिनाचा मोह आवरा. नवतपा, म्हणजे मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, नुकता संपलेला असतो आणि सकाळी नऊनंतर रस्त्यावर उभे राहणे स्वयंसेवकांच्या तब्येतीला धोक्याचे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हेच आपले दिवस.

दुकानदारांशी चाचणीच्या आधी बोला. त्यांची भीती खरी आहे, गाडी लागली नाही तर गिऱ्हाईक जाईल. इथेही मोजणीच कामाला येते. सकाळी १० ते रात्री ८ दर अर्ध्या तासाला उभ्या गाड्यांच्या नंबरप्लेटचे शेवटचे चार आकडे टिपा. आठ-दहा तास न हललेल्या गाड्या गिऱ्हाइकाच्या नसतात. त्या किती, हा आकडा दुकानदारांनाच आधी दाखवा, बैठकीत सगळ्यांसमोर नव्हे. कोणालाही उघडे पाडायचे नाही, त्या गाड्यांना मागच्या गल्लीत जागा शोधायची आहे. सोबत दुकानांसमोर सायकल-स्टँड देऊ करा: चार-पाच सेंटिमीटर जाडीच्या पाइपचा उलटा यू, जमिनीवर पाऊण मीटर उंच, पाय ३० सेंटिमीटर काँक्रीटमध्ये, दोन यूंमध्ये एक मीटर. प्रत्येकाला दोन सायकली, चौकट आणि चाक दोन्ही कुलपात येते. नुसते पुढचे चाक अडकवायचे स्टँड घेऊ नका, धक्का लागला की रिम वाकते.

पक्का ट्रॅक मंजूर झाला तर

आराखडा हाती येताच तपासायच्या गोष्टी. एकेरी ट्रॅक दोन मीटरचा, दुहेरी तीन मीटरचा, त्यातून विजेचे खांब आणि डीपी (विजेच्या पेट्या) वजा करून. नुसता रंग मारलेली लेन आठ दिवसांत पार्किंग होते, कठडा किंवा उंची हवीच. ट्रॅकच्या तोंडाशी मोटारी अडवायला खुंट बसवणार असतील तर मधली फट दीड मीटरची, नाहीतर सायकल-रिक्षा अडते. दुचाकी मात्र या फटीतून येणारच, तिला खुंट थांबवत नाही, पोलीस थांबवतात. ट्रॅक चौकाच्या वीस मीटर आधी संपत असेल तर आराखडा परत पाठवा, कारण डावीकडे वळणाऱ्या वाहनाखाली येण्याचा धोका तिथेच. गल्लीच्या तोंडाशी ट्रॅक खाली न उतरता त्याच उंचीवर पुढे जावा आणि वळणाऱ्या गाडीने त्याच्यावर चढून जावे. 'आपली बस'चा थांबा ट्रॅकच्या रस्त्याकडच्या बाजूला, चढ-उतारासाठी निदान दोन मीटरच्या बेटावर.

झाड तोडून ट्रॅक मागू नका आणि देऊ केला तरी घेऊ नका. मे महिन्यात पंचेचाळीस अंशांत कडुनिंबाची सावली असेल तरच कोणी त्या ट्रॅकवरून जाईल. ट्रॅक झाडाला वळसा घालू शकतो. बुंध्याभोवती एक मीटर माती उघडी राहील हे कामाच्या पत्रात लिहून घ्या, कारण गट्टू बसवणारे बुंध्यापर्यंत बसवत जातात.

पहिल्या मोठ्या पावसात छत्री घेऊन ट्रॅकवरून चालत जा आणि जिथे पाणी साचते तिथे खडूऐवजी तेलरंगाची खूण करा. तीन दिवसांत फोटोंसह पत्र द्या, दोष दायित्वाचा काळ तेव्हा सुरू असतो. झाडलोट कोणाकडे हे झोनच्या आरोग्य विभागाकडून लेखी घ्या. रस्ता झाडणारे यंत्र ट्रॅकवर जात नाही, आणि वर्षभरात तिथे काच, गिट्टी आणि पालापाचोळा साचतो. मग त्याच खांबाजवळ, त्याच महिन्यात, त्याच वारी, तोच तक्ता घेऊन पुन्हा मोजा, आणि जुना-नवा आकडा एकाच पानावर लिहून आठवड्याच्या आत झोनच्या आवक शाखेत द्या. पोच घ्या.